नाळेवरचा आकडा

बॅटरीचा झोत सरळ टाकला तर काही दिसत नाही. तो आडवा, लाकडाला जवळजवळ चिकटवून टाकावा लागतो. मग खाचांमध्ये सावली साचते आणि आकडे वर येतात. कनूच्या, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या अरुंद, निमुळत्या होडीच्या, पुढच्या टोकाला, आतल्या बाजूला, जिथे दोन्ही कुशी नाळेच्या लाकडाला येऊन मिळतात, तिथे मी डोकं खुपसून पालथी पडले होते. कित्येक वर्षांचं व्हार्निश, त्यात रुतलेली वाळू, पाइनच्या वाळक्या सुया, कोळिष्टकं. ओल्या फडक्याने पुसलं, वाळल्यावर खडूची पूड चोळली, आणि एकेक आकडा पांढरा होऊन उमटला. पाच आकडे, मग थोडी जागा, मग सुटा 17.

सतरा ही लांबी, फुटांत. आधीचे पाच आकडे ही तिची ओळख. दुसऱ्या टोकाच्या नाळेवरही तोच आकडा ठोकलेला असतो, म्हणून मागच्या बाजूलाही तसंच डोकं घातलं आणि पडताळून पाहिलं. जुळला.

ही कनू आमच्या शेजारीणबाईंची. आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या पश्चिमेला राहतो. बाईंनी ऐंशी ओलांडली आहे. घर विकून मुलीकडे राहायला जायचं ठरल्यावर त्यांनी एकेक खोली रिकामी करायला घेतली आणि सगळ्यात शेवटी गॅरेजच्या आढ्याशी नजर गेली. तिथे दोन दोरांच्या झोळीत ही हिरवी कनू निदान तीस वर्षं उलटी टांगलेली होती. त्यांनी जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाला बोलावलं. तो आला, टेपने मोजलं, दोनशे डॉलर सांगितले. काय करणार हिचं, असं बाईंनी विचारल्यावर त्याने फोनवर फोटो दाखवले: मधोमध कापलेली कनू, भिंतीला उभी लावलेली, आत फळ्या मारून पुस्तकं ठेवलेली. हॉटेलवाले घेतात म्हणाला.

बाईंनी त्याला परत पाठवलं आणि संध्याकाळी माझ्या दारात आल्या. मी पूर्वी कधीतरी त्यांना माझ्या आजोबांच्या होडीबद्दल सांगितलं होतं, ते त्यांच्या लक्षात होतं. "तुला होड्यांचं कळतं. ही काय आहे, केवढ्याची आहे, एवढं शोधून दे. माझ्या आजोबांपासूनची आहे म्हणतात. शंभराच्या वर वर्षं झाली असतील. इंडियन लोकांनी हाताने केलेली आहे." इंडियन म्हणजे इथे अमेरिकेचे मूळ रहिवासी.

मला होड्यांचं फार कळत नव्हतं. वाशिष्ठीच्या खाडीत होडीत बसून पाय पाण्यात सोडणं एवढाच माझा अनुभव. पण ती कापली जाईल या कल्पनेने पोटात गोळा आला होता, म्हणून हो म्हटलं.

आकडा मिळाल्यावर पुढचं काम अनपेक्षितपणे सोपं निघालं, आणि त्याचं कारण सांगण्यासारखं आहे. ही कनू मेन राज्यातल्या ओल्ड टाउन गावच्या कारखान्यात बनली होती. तिथे 1898 च्या सुमारास जॉर्ज ग्रे नावाच्या दुकानदाराने आपल्या हार्डवेअरच्या दुकानामागे कनू बांधून घ्यायला सुरुवात केली. त्यातून ओल्ड टाउन कनू कंपनी उभी राहिली. या कारखान्यात प्रत्येक कनूमागे एक कार्ड असे. कनू एका कारागिराकडून दुसऱ्याकडे सरकली की कार्डावर तारीख पडायची. कनू मालगाडीत चढली की शेवटची ओळ लिहून कार्ड खोक्यात जायचं. अशी दोन लाखांहून जास्त कार्डं कारखान्याने टाकून दिली नाहीत. पुढे 'वुडन कनू हेरिटेज असोसिएशन' या 1979 साली स्थापन झालेल्या संस्थेच्या स्वयंसेवकांनी ती स्कॅन केली. आज जगात कुणालाही कुठल्या अडगळीत ओल्ड टाउनची कनू सापडली आणि नाळेवरचा आकडा वाचता आला, तर तिचं कार्ड पाहता येतं. मी आकडा पाठवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळत होते तेव्हा उत्तर आलं होतं.

पिवळट कागद, छापील रकाने, त्यात शाईने भराभर लिहिलेलं. लांबी 17. मॉडेल 'चार्ल्स रिव्हर'. दर्जा 'सीएस', म्हणजे 'कॉमन सेन्स': महोगनीची चैन नसलेली, साध्या गिऱ्हाइकासाठी केलेली प्रत. फळ्या तांबड्या सीडरच्या. काठाच्या पट्ट्या स्प्रूसच्या. बैठका आणि आडव्या पट्ट्या ॲशच्या. तळाला कणा आहे. मग तारखा: कॅनव्हास चढवला डिसेंबर 1924. भरणाचा, म्हणजे कापडाची वीण बुजवणाऱ्या लेपाचा, पहिला हात जानेवारीत. काठ एप्रिलमध्ये. रंग, गडद हिरवा, एप्रिलच्या शेवटी. व्हार्निश. आणि मे 1925 मध्ये रवाना, ऑबर्नडेल, मॅसॅच्युसेट्स.

एवढंच. नाव नाही, किंमत नाही. पण एका वस्तूचा हिवाळा माझ्या हातात होता. डिसेंबर ते मे, सहा महिने ती त्या कारखान्यात या मजल्यावरून त्या मजल्यावर फिरली, सुकायला ठेवली गेली, पुन्हा हातात घेतली गेली. माझ्या स्वतःच्या आजीची जन्मतारीख मला ठाऊक नाही, "मोठ्या पावसाच्या वर्षी" एवढंच ती सांगायची. आणि इथे एका होडीला रंगाचा हात कोणत्या दिवशी दिला तेही लिहून ठेवलेलं.

बाईंना कार्ड दाखवलं तेव्हा त्यांचा चेहरा थोडा उतरला. आजोबा 1890 च्या दशकात ही वल्हवत होते ही घरातली गोष्ट त्या कार्डाने पुसली. इंडियन लोकांनी केलेली, हीसुद्धा. पण ही दुसरी गोष्ट तितकी सहज पुसून टाकता येत नाही, हे पुढे वाचत गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं.

ओल्ड टाउन पेनॉबस्कॉट नदीवर वसलेलं आहे आणि गावासमोर नदीच्या पात्रात एक बेट आहे. ते पेनॉबस्कॉट या मूळ रहिवासी लोकांचं बेट, आजही त्यांचंच. 1857 साली हेन्री डेव्हिड थोरो, ज्याच्या कायदेभंगाच्या विचारामुळे गांधीजींच्या संदर्भात आपण त्याचं नाव ऐकलेलं असतं, तो याच बेटावर आला आणि जो पॉलिस नावाच्या पेनॉबस्कॉट माणसाला वाटाड्या म्हणून घेऊन उत्तरेच्या जंगलात गेला. पॉलिसने स्वतः बांधलेली बर्च झाडाच्या सालीची कनू होती. थोरोने तिची मापं लिहून ठेवली: सव्वा अठरा फूट लांब, मध्ये अडीच फुटांहून किंचित जास्त रुंद, एक फूट खोल. शेजारच्या बाईंच्या गॅरेजमध्ये टेप धरून मी ही मापं ताडून पाहिली. पात्राचा आकार तोच. आतल्या सीडरच्या वाकवलेल्या फासळ्या त्याच. फासळ्यांच्या बाहेरून पातळ सीडरच्या चिपांचं अस्तर, तेही तेच. बदललं ते फक्त कातडं. सालीच्या जागी सुती कॅनव्हास आला, आणि स्प्रूसच्या मुळांनी शिवायच्या जागी पितळी टाचण्या आल्या.

मोठी, एकसंध, गाठी नसलेली साल देणारे बर्च मिळेनासे होत चालले होते, कारण जंगलं लाकूडतोडीत गेली होती. फाटलेल्या सालीवर कॅनव्हासचं ठिगळ मारून राळ फासायची, ही सोय लोक आधीपासून करत होते. मग कुणाला तरी सुचलं की सगळंच पात्र कॅनव्हासने मढवावं. नदीच्या खालच्या अंगाला बँगोर शहरात एव्हन गेरिश 1870 च्या दशकात अशा कनू विकायला लागला होता. ओल्ड टाउनच्या कारखान्याने तेच काम साच्यावर आणलं: लाकडाचा भरीव साचा, त्यावर जिथे जिथे फासळी बसणार तिथे लोखंडी पट्टी. वाफवलेली फासळी साच्यावर वाकवायची, वरून फळी धरायची आणि टाचणी ठोकायची. टाचणीचं टोक फासळीतून आरपार जाऊन खालच्या पट्टीवर आपटतं आणि मागे वळून लाकडातच रुततं. अशा हजारो टाचण्या एका कनूत असतात. कारखान्यात पेनॉबस्कॉट कारागीरही कामाला होते. तेव्हा बाईंच्या घरातली गोष्ट शब्दशः खोटी असली तरी तिच्यात सांगण्यासारखं काहीतरी शिल्लक उरलेलं होतं. आकार ज्यांच्याकडून आला त्यांचं नाव कार्डावर नव्हतं. कार्डात त्यासाठी रकानाच नव्हता. घरातल्या गोष्टीने तेवढं मात्र जपलं होतं.

ऑबर्नडेल म्हणजे न्यूटन शहराचा एक भाग, आमच्यापासून अर्ध्या तासावर. तिथे चार्ल्स नदी रुंद आणि संथ होते. 1897 मध्ये ट्रामवाल्यांनी आपल्या रुळांच्या शेवटी नोरम्बेगा पार्क उघडलं, लोकांनी रविवारी ट्रामने यावं म्हणून. त्या पट्ट्यात कनू भाड्याने देणाऱ्यांची आणि लोकांच्या स्वतःच्या कनू ठेवायच्या घरांची रांगच होती. जुन्या फोटोंत पाणी दिसत नाही, कनूच दिसतात. एकीवरून दुसरीवर पाय टाकत पलीकडे जाता यावं अशा. तरुण पोरापोरींना घरच्यांच्या नजरेआड बसायला मिळणारी ती त्या काळातली एकमेव जागा असावी. मुलगी उशांना टेकून पुढे, मुलगा मागे वल्हं धरून, तिच्याकडे तोंड करून बसलेला. 1903 मध्ये तर नदीवर चुंबन घेण्याला बंदी घालून पोलिसांनी दंड वसूल केल्याच्या बातम्या छापून आल्या. 'चार्ल्स रिव्हर' हे मॉडेलचं नाव याच नदीवरून. बाईंची कनू मेनच्या जंगलासाठी नव्हे, या संथ पाण्यासाठी आणि या उशांसाठी बांधलेली होती.

पार्क 1963 मध्ये बंद झालं. मी तिथे जाऊन आले. नदी अजूनही संथच आहे.

मे 1925 नंतर कार्ड गप्प होतं. पुढचं सगळं लाकडालाच विचारावं लागतं, आणि मला खरा आनंद त्यात मिळाला. कॅनव्हासचा एक फुटलेला पोपडा मी धारदार पातीने तिरका कापला आणि भिंगाखाली पाहिला. रंगांचे थर भूगर्भातल्या थरांसारखे एकावर एक: वर पोपटीकडे झुकणारा हिरवा, त्याखाली फिकट हिरवा, त्याखाली लाल, त्याखाली राखाडी भरण. गडद हिरवा कुठेच नाही. कार्ड तर गडद हिरवा म्हणतं! दोन दिवस हे डोक्यात घोळत होतं. मग काठाची पट्टी थोडी सैल करून आत पाहिलं, तर कॅनव्हास अडकवलेल्या टाचण्यांच्या ओळीशेजारी आणखी एक ओळ होती, नुसत्या भोकांची. म्हणजे हा पहिला कॅनव्हास नव्हताच. गडद हिरवा रंग मूळ कॅनव्हासबरोबर केव्हाच गेला होता, आणि कुणीतरी नवं कातडं चढवून तिला लाल केलं होतं.

मध्याच्या जरा पुढे डाव्या कुशीला एक फळी वेगळ्या रंगाची. तिथल्या टाचण्यांभोवती काळे डाग. पितळेने असे डाग पडत नाहीत. ते लोखंडी खिळे होते, ओल लागून गंजलेले. कधीतरी ती खडकावर आपटली असणार आणि कुणीतरी घरी होते तेवढ्या सामानात तिला बरं केलं असणार. फळी फार नीट कापलेली नाही, पण नीट बसवलेली आहे. त्या माणसाबद्दल मला फार आपुलकी वाटली. मागच्या बैठकीच्या वेताच्या विणीत एका कोपऱ्यात नायलॉनची दोरी गुंफलेली होती, म्हणजे ते काम बरंच अलीकडचं.

बाईंना विचारत बसले तसं एकेक निघत गेलं. कनू आजोबांची नव्हतीच, ती वडिलांनी आणली होती, जुनी म्हणून, लाल रंगाची. त्या तेव्हा लहान होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर ग्रमन या विमानं बनवणाऱ्या कंपनीने ॲल्युमिनियमच्या कनू काढल्या. तिचा एक अधिकारी, विल्यम हॉफमन, 1944 साली ॲडिराँडॅकच्या डोंगरात सुट्टीवर गेला होता. लाकडी कनू खांद्यावर घेऊन चालताना तिच्या वजनाने तो जेरीस आला आणि विमानाच्या पत्र्याची कनू का नको, असा विचार त्याच्या मनात आला. ती पत्र्याची कनू पाण्याबाहेर वर्षभर पडली तरी चालते, तिला रंग लागत नाही, व्हार्निश लागत नाही. लाकडी कनू एकदम जुन्या झाल्या आणि स्वस्त मिळू लागल्या. बाईंच्या वडिलांना परवडली ती त्यामुळेच असणार.

आता किंमत. बाईंचा मूळ प्रश्न तोच होता, आणि त्यांच्या मुलीचाही, जिला घराच्या आवराआवरीचा हिशेब ठेवायचा होता. मी लाकडी कनू दुरुस्त करणाऱ्या एका अनुभवी माणसाला फोटो दाखवले. त्याने सरळ सांगितलं. साधा दर्जा, चालू मॉडेल, कॅनव्हास गेलेला, तीन फासळ्या तडकलेल्या: अशा कनूला काहीशे डॉलर येतात. पूर्ण दुरुस्त केली तर काही हजार येतील, पण कारागिराकडून दुरुस्त करून घ्यायला तेवढे किंवा त्याहून जास्त लागतील. जुनी म्हणून महाग असं इथे नाही, कारण जुन्या बऱ्याच शिल्लक आहेत आणि त्या वल्हवणारे कमी. लांब कोरीव टोकांच्या, महोगनीच्या, खास प्रेमिकांसाठी केलेल्या कनूंना मोठी किंमत येते. पण त्या थोड्या. "विकायची असेल तर आहे तशी विका. ठेवायची असेल तर दुरुस्त करा. नफ्यासाठी दुरुस्त करू नका."

हे ऐकून बाजाराचा हिशेब मला पुरता कळला आणि तरी पटला नाही. ज्या वस्तूत फासळी मोडली तर एक फासळी बदलता येते, फळी फुटली तर एक फळी, कातडं गेलं तर कातडं. जिचं सगळं कामच मुळात पुन्हा उघडता यावं असं केलेलं आहे, तिची किंमत "आज विकली तर किती" यावर कशी ठरवायची? प्लास्टिकची कनू मी कमी लेखत नाही, पण तिला भोक पडलं की ती बहुतेक कचऱ्यात जाते. हिचा कॅनव्हास वीस-तीस वर्षांनी बदलायचा हे बांधणाऱ्यांनी धरूनच ठेवलेलं होतं. मी बाईंना म्हटलं, विकू नका, मी करते. मुलगीही तयार झाली.

त्या रात्री गावी फोन लावला. काका पंच्याहत्तरीचा आहे, रात्री लवकर झोपतो, पण तिकडे सकाळ होती.

"काका, आबांची होडी कसल्या लाकडाची होती रे?"

"आंब्याची. अख्खं खोड कोरलेलं. का गो?"

"कोणी केलेली?"

"मला काय ठाऊक? माझ्या आधीची ती. आबा दर सालात पावसाआधी तिला मुशीचं तेल लावायचे. वास यायचा त्याचा, आई जेवायला घ्यायची नाही आंघोळ केल्याशिवाय."

"मग झालं काय तिचं?"

"आबा गेल्यावर कोण हाकणार? दोन पावसाळे पडून होती तरीवर. मग गोठ्यात आणली, गुरांना पाणी ठेवायला. फुटली तेव्हा चुलीत गेली."

फोन ठेवल्यावर बराच वेळ बसून राहिले. आपल्याकडे लहान होडीला डोणी म्हणतात आणि गुरांच्या पाण्याच्या लाकडी भांड्याला दोण. दोन्हींच्या मुळाशी संस्कृतातली द्रोणी. आमच्या होडीने हे दोन्ही अर्थ एकाच आयुष्यात जगून घेतले. तिचा आकडा नव्हता, कार्ड नव्हतं, फोटोही नाही. ती कोणत्या माणसाने कोरली, किती दिवस लागले, झाड कुणाच्या आवाराचं, हे ज्यांना ठाऊक होतं ते सगळे गेले. काकाला विचारायला मी वीस वर्षं उशीर केला, आबांना विचारायचा तर कधी विचारही केला नाही. बाईंच्या कनूसाठी मी ज्या उत्साहाने कागद धुंडाळत होते त्यात या अपराधीपणाचा वाटा मोठा होता, हे मला त्या रात्री कळलं.

दुरुस्तीला दोन हिवाळे लागले. सगळं सांगत नाही. खरवडणं आणि घासणं हेच त्यातलं निम्मं. फळ्या जेमतेम चार मिलिमीटर जाड असतात, म्हणून घासताना हात जपावा लागतो. पहिल्याच आठवड्यात एका जागी मशीन जास्त दाबलं गेलं आणि शंभर वर्षांची फळी तिथे कागदासारखी झाली. त्यानंतर मी सगळं हाताने घासलं. घासताना सीडरचा वास सुटायचा, गोडसर आणि तिखट, जणू झाड कालच कापलंय.

फासळीचं काम मात्र सांगायलाच हवं. पांढऱ्या सीडरची पट्टी आधी पाण्यात भिजवायची, मग लाकडी पेटीत वीसेक मिनिटं वाफवायची. ती जिथे बसायची तिथे आतून वाकवता येत नाही, म्हणून बाहेरून, शेजारच्या फासळीच्या जागी, कनूच्या पालथ्या पाठीवर वाकवायची. आकार जवळजवळ तोच मिळतो. पेटीतून काढल्यावर हातात फार तर दहा-पंधरा सेकंद. नवरा एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, हातात जाड मोजे. पहिल्या दोन पट्ट्या कटकन मोडल्या. तिसरी वाकली. वाकली म्हणजे कशी, तर विरोधच सोडून दिला तिने. तळहाताखाली लाकूड एकदम मऊ पडलं आणि कनूच्या पाठीला ओल्या फडक्यासारखं चिकटलं. आम्ही दोघं तसेच, न हलता, पट्टी दाबून धरून उभे. मग ती गार झाली आणि तिने तो आकार कायमचा धरला.

कॅनव्हास चढवायला माणसं लागतात. मराठी मंडळातल्या चार मित्रमैत्रिणी रविवारी आल्या. इडल्या, चटणी घेऊन. वीस फुटांहून लांब कापड मधोमध दुमडून झोळीसारखं टांगायचं, एक टोक गॅरेजच्या खांबाला, दुसरं हाताने ओढायच्या विंचने अंगणातल्या मेपलला. त्या झोळीत कनू ठेवायची आणि विंच आवळत जायचा. कापड करकरायला लागलं तशी सगळ्यांची बोलणी थांबली. आवळून झाल्यावर बाईंनी खुर्चीतून हात पुढे करून त्यावर टिचकी मारली. डफासारखा आवाज आला. मग काठाने कापड पकडीत धरून ताणायचं आणि टाचणी, पुन्हा ताणायचं आणि टाचणी, मधून टोकाकडे. मी जुन्या भोकांच्या दोन ओळींशेजारी तिसरी ओळ ठोकत होते.

भरण म्हणजे जवसाचं तेल, वाळूचं अगदी बारीक पीठ आणि रंग यांचं खिरीसारखं मिश्रण. पूर्वी त्यात सफेदा, म्हणजे शिसं, असायचं. आता बिनशिशाचं मिळतं. ते हाताने गोल गोल चोळत कापडाच्या विणीत जिरवायचं, अगदी गुळगुळीत होईपर्यंत, आणि मग महिनाभर हात लावायचा नाही. कार्डावर जानेवारी आणि एप्रिल यांच्यामधली ती मोकळी जागा मला तेव्हा समजली. तेव्हा कुणी आळस केला नव्हता. ती वाट पाहण्याची जागा होती.

रंग गडद हिरवाच दिला.

जूनमध्ये, पाण्यात उतरवायच्या आदल्या संध्याकाळी, मागची बैठक अजून बसवायची होती. मी ती उलटी करून मांडीवर घेतली आणि खालच्या कोऱ्या लाकडावर पेन्सिलीने कार्डातल्यासारख्या ओळी लिहिल्या. तीन फासळ्या, फेब्रुवारी. कॅनव्हास, ऑक्टोबर. भरण, ऑक्टोबर. रंग, मे. देवनागरीत लिहिलं, जो कोणी पुढे ही बैठक सोडवेल त्याला वाचून घ्यायला कोणीतरी भेटेल. मग बाईंना विचारलं, वडिलांनी ही कोणत्या साली आणली तेही लिहू का? त्यांनी डोळे मिटून आठवलं. शाळेचं कोणतं वर्ष, कोणतं घर, कुत्रा होता की नव्हता. कधी 1951 म्हणायच्या, कधी 1952.

मी दोन्ही लिहिली.